छतांतील तोटी आणि तळघरांतील पंप

श्रोतेहो, आपल्या शहरांतून आज ज्या उंच उंच इमारती उभ्या आहेत, त्यांतील कचेऱ्या, दुकानें, इस्पितळें किंवा मोटारी ठेवण्याचीं तळघरें यांत शिरल्यावर सहज वर पाहिलें, तर छताला ठराविक अंतरावर बसविलेल्या लहान लहान धातूच्या तोट्या दिसतात. या तोटीस स्प्रिंकलर म्हणतात, आणि आग लागली असतां ती आपोआप पाणी शिंपडते, एवढें बहुतेकांना ठाऊक असतें. ती दिसली कीं मनाला धीर येतो. परंतु ही तोटी म्हणजे एका मोठ्या व्यवस्थेचें केवळ शेवटचें टोंक होय. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही आपल्या घराघरांतील म्हण या व्यवस्थेस अक्षरशः लागू पडते. तोटीमागें नळ, नळामागें पंप आणि पंपामागें पाण्यानें भरलेला हौद असेल, तरच त्या तोटीला अर्थ आहे. म्हणून आज मीं तोटीविषयीं थोडें आणि तिच्यामागच्या पाण्याविषयीं अधिक बोलण्याचें योजिलें आहे.

प्रथम तोटीची ओळख करून घेऊं. अमेरिकेंतील न्यू हेवन गांवीं हेन्री पार्मली नांवाचे गृहस्थ पियानो तयार करण्याचा कारखाना चालवीत असत. आपल्या कारखान्याचें आगीपासून रक्षण व्हावें म्हणून त्यांनीं १८७४ सालीं आपोआप उघडणाऱ्या तोटीचें पेटंट घेतलें. तोटीच्या तोंडावर मंद उष्णतेनें वितळणाऱ्या डांकाचें झांकण बसवावयाचें, म्हणजे खालीं आग भडकतांच डांक वितळून झांकण निघेल आणि पाणी वाहूं लागेल, अशी ती साधी युक्ति होती. पुढें १८८१ सालीं फ्रेडरिक ग्रिनेल यांनीं तींत महत्त्वाची सुधारणा केली, आणि थोड्याच वर्षांत ही तोटी अमेरिका व इंग्लंड येथील कापडगिरण्यांत पसरली. कापूस आणि तेलानें माखलेली लांकडी जमीन एकत्र असल्यामुळें गिरणी म्हणजे आगीचें माहेरघरच होतें.

आजच्या तोटींत डांकाच्या ठिकाणीं बहुधा एक कांचेची इवलीशी कुपी असते. तिच्यांत रंगीत द्रव भरलेला असतो. उष्णतेनें द्रव फुगतो, कुपी फुटते आणि पाण्याची वाट मोकळी होते. द्रवाच्या रंगावरून कोणत्या तापमानास कुपी फुटेल तें कळतें. लाल रंगाची ६८ अंश सेंटिग्रेडला, पिवळी ७९ अंशांना, हिरवी ९३ अंशांना फुटते. स्वयंपाकगृहासारख्या नेहमींच्या उष्ण जागीं अधिक तापमानाची कुपी कां वापरतात, हें यावरून ध्यानांत येईल.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपटांत कोणीतरी कळ दाबतो आणि साऱ्या इमारतींत एकदम धो धो पाणी सुरू होतें. सर्वसाधारण इमारतींतील व्यवस्थेंत असें होत नाहीं. जिच्याखालीं आग असेल ती तोटी तेवढी उघडते. शेजारच्या खोलींतील तोटी स्वस्थ असते. पुष्कळदां एकच तोटी आग दाबून टाकते, आणि बहुतेक आगींत पांचांहून अधिक तोट्या उघडाव्या लागत नाहींत. आग लहान आहे तोंच तिच्या डोक्यावर पाणी ओतणें, हें या योजनेचें सारें रहस्य आहे. पण याच रहस्यांत एक अटहि दडलेली आहे. पहिल्या मिनिटांत पाणी पुरेशा जोरानें आलें नाहीं, तर आग वाढते, आणखी तोट्या उघडतात, पाणी वांटलें जातें, दाब आणखी घटतो, आणि मग कितीहि तोट्या उघडल्या तरी त्यांतून नुसते अश्रूच गळत राहतात.

तर मग पाणी लागतें तरी किती? याचा हिशेब अभियंते पावसासारखाच करतात. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलें, म्हणजे तेथें एक मिलिमीटर पाऊस पडला. ज्या इमारतींत जळाऊ माल बेताचा असतो, तेथें दर मिनिटास ५ मिलिमीटर पाऊस पाडावयाचा असें धरलें, तर तासाचा पाऊस ३०० मिलिमीटर होतो. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर अद्याप विसरलेले नाहींत. तेवढा पाऊस या हिशेबानें तीन तासांहून थोड्याच अधिक वेळांत पडेल! असा पाऊस समजा १४० चौरस मीटर जागेवर पाडावयाचा आहे. म्हणजे दर मिनिटास ७०० लिटर आणि तासाभरास ४२,००० लिटर पाणी हवें. आगीच्या बंबवाल्यांच्या नळ्यांना लागणारें पाणी याहून निराळें. इमारतीच्या तळाशीं एवढा मोठा हौद कशासाठीं, असें पुष्कळांना वाटतें. त्याचें उत्तर या साध्या गुणाकारांत आहे.

हौद बांधणें सोपें; तो भरलेला ठेवणें कठीण. ज्या शहरांत पाणी दिवसांतून घटकाभर येतें, तेथें आगीसाठीं राखलेल्या पाण्याकडे घरकामासाठीं हात जाणारच. म्हणून रचनाच अशी करावी लागते कीं, मोहाला वाव राहूं नये. एक रीत अशी कीं, नगरपालिकेचें पाणी आधीं आगीच्या हौदांत यावें, तो कांठोकांठ भरला कीं वरून वाहून घरगुती हौदांत जावें. यानें दोन कामें साधतात. आगीचा हौद सदैव भरलेला राहतो, आणि पाणी रोज खेळतें राहिल्यानें कुजत नाहीं. जेथें एकच हौद असतो, तेथें घरगुती नळाचें तोंड वरच्या पातळीस आणि आगीच्या पंपाचें तोंड तळाशीं ठेवितात. घरकामाचें पाणी संपलें तरी खालचें राखीव पाणी तसेंच राहतें. तिजोरींत चोरकप्पा असावा तसा हा पाण्याचा चोरकप्पा होय.

आतां दाबाकडे वळूं. पाणी जितक्या उंचीवरून खालीं येईल तितका त्याला जोर, हें आपण गच्चीवरील टांकीमुळें अनुभवानें जाणतों. हिशेब असा कीं, दर १० मीटर उंचीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो दाब मिळतो. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत जुन्या कापडगिरण्यांना जे मनोरे दिसतात, त्यांवर गिरणीचें नांव मोठ्या दिमाखानें झळकत असलें, तरी त्यांच्या माथ्यावर बहुधा स्प्रिंकलरची टांकी ठेवलेली असे. तें पाणी खालीं येण्यास ना इंजिन लागे ना माणूस. गुरुत्वाकर्षण कधीं रजेवर जात नाहीं.

पण मनोऱ्याचा हा लाभ गच्चीवरील टांकीला सर्वस्वीं मिळत नाहीं. गच्चीच्या टांकींतून तळमजल्याला भरपूर दाब मिळतो, आणि सर्वांत वरच्या मजल्याला, जो टांकीच्या अगदीं पायाशीं असतो, त्याला मात्र जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. टांकी तीन मीटर वर असली तर दाब जेमतेम किलोचा तिसरा हिस्सा. शिवाय दाब आणि प्रवाह यांचें नातें सरळ नाहीं. नेहमींच्या वापरांतील एखादी तोटी एक किलो दाबाखालीं मिनिटास सुमारें ८० लिटर पाणी देते असें धरलें, तर १६० लिटरसाठीं दोन किलो दाब पुरत नाहीं, चार किलो लागतो. उलट, दाब पाव किलोवर उतरला तर ४० लिटरच मिळतें. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट हवा, हा नियम एकदां ध्यानांत घेतला, म्हणजे वरच्या मजल्यांसाठीं पंपावांचून गत्यंतर नाहीं हें पटतें.

आगीसाठीं जो पंप वापरतात, तो बहुधा चक्राकार फिरणाऱ्या पात्यांचा असतो. पातीं पाण्याला मध्यापासून कडेला भिरकावतात. गोफणींतून दगड सुटावा तसें पाणी वेगानें बाहेर पडतें, आणि त्या वेगाचेंच पुढें दाबांत रूपांतर होतें. या पंपाची एक खोड मात्र लक्षांत ठेवली पाहिजे. त्याच्या पोटांत पाण्याऐवजीं हवा असली तर तो कितीहि गरगर फिरला तरी पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणून उत्तम योजना अशी कीं, पंप हौदाच्या पाण्याच्या पातळीखालीं बसवावा, म्हणजे पाणी आपण होऊन त्याच्या पोटांत भरून राहतें. पंप वर आणि हौद खालीं असेल तर मात्र आंत पाणी कोंडून ठेवण्याची निराळी सोय करावी लागते. त्या सोयीची एखादी झडप गळूं लागली, कीं ऐन वेळीं पंप नुसता गुरगुरत राहतो.

दुसरा गुण असा कीं, आगीचा पंप हट्टी असून चालत नाहीं, तो लवचीक हवा. किती तोट्या उघडतील हें आधीं कोणालाच सांगतां येत नाहीं. अमेरिकेंतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेचा या बाबतींतील नियम मोठा मार्मिक आहे. ही संस्था १८९६ सालीं निघाली, आणि तिच्या जन्मास स्प्रिंकलरच कारण झाला; कारण त्या वेळीं एका बॉस्टन शहराच्या आसपास नळ घालण्याच्या नऊ निरनिराळ्या पद्धति चालू होत्या आणि कोणाचा मेळ कोणाशीं नव्हता. तिचा नियम सांगतो कीं, पंपाकडून त्याच्या ठरीव प्रवाहाच्या दीडपट पाणी मागितलें, तरी त्याचा दाब ठरीव दाबाच्या ६५ टक्क्यांखालीं उतरतां कामा नये. आणि पाणी मुळींच न घेतां तो फिरत राहिला, तरी दाब १४० टक्क्यांवर चढतां कामा नये. म्हणजे मागणी वाढली तर कोलमडूं नये, आणि मागणी नसली तर नळ फोडूं नयेत.

आपल्याकडील मोठ्या इमारतींच्या पंपघरांत शिरलें, तर बहुधा एकाऐवजीं तीन पंप शेजारीं शेजारीं दिसतात. त्यांतील सर्वांत लहान तो जॉकी पंप. नळांत सदैव दाबाखालीं पाणी भरलेलें असतें, आणि सांध्यासांध्यांतून तें थेंब थेंब झिरपतच असतें. तेवढी तूट भरून काढणें हें या धाकट्याचें काम. तो नसता तर प्रत्येक थेंबासाठीं थोरल्याला उठावें लागलें असतें. तोटी उघडून दाब झपाट्यानें उतरला, आणि धाकट्याच्या आवांक्याबाहेर गेला, कीं विजेवर चालणारा मुख्य पंप आपोआप सुरू होतो. तो कांहीं कारणानें सुरू झाला नाहीं आणि दाब आणखी उतरला, तर डिझेल इंजिनाचा तिसरा पंप धांवून येतो. यांतील गंमत अशी कीं, मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण आपोआप थांबत नाहीं. तो थांबवावयाचा तर माणसानें प्रत्यक्ष पंपघरांत जाऊन हातानेंच थांबवावा, असा संकेत आहे. आग विझली कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार यंत्राला दिलेला नाहीं.

विजेच्या पंपाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आग लागली म्हणजे बंबवाले प्रथम इमारतीची वीज तोडतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच कळीवर पंपाची वीज अवलंबून असेल, तर कळ खालीं केली कीं पाणीहि बंद! म्हणून आगीच्या पंपाची तार इमारतीच्या मुख्य कळीच्या आधींच निराळी काढून घेतात, आणि ती निराळ्या मार्गानें नेतात. डिझेलचा पंप विजेचा मिंधा नसतो. मात्र तो सुरू होण्यास बॅटरी लागते, आणि न वापरलेली बॅटरी गुपचूप मरते. दर आठवड्यास हें इंजिन अर्धा तास चालवून पाहावें असा जो नियम आहे, तो याच कारणास्तव.

आतांपर्यंत जें सांगितलें त्याचें मोल किती आहे, हें एका खऱ्या घटनेवरून पाहूं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत वन मेरिडियन प्लाझा नांवाची ३८ मजली कचेऱ्यांची इमारत होती. तींत कांहीं थोड्या मजल्यांवरच स्प्रिंकलर बसविलेले होते. उरलेल्या मजल्यांचें काम व्हावयाचें होतें. २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं, शनिवारीं रात्रीं, २२ व्या मजल्यावर जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांना आपोआप आग लागली. त्या मजल्यावर तोट्या नव्हत्या. बंबवाले वेळेवर आले. पण इमारतीच्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही विजेच्या तारा एकाच उभ्या पोकळींतून नेलेल्या होत्या, आणि आगीनें दोन्ही एकदमच निकामी केल्या. संकटकाळचा जनरेटरहि चालेना. काळोख झाला, लिफ्ट थांबल्या, आणि सारें सामान पाठीवर घेऊन जिना चढण्याची पाळी आली.

तरीहि पाणी मिळालें असतें तर निभावलें असतें. परंतु उंच इमारतींत खालच्या मजल्यांच्या नळांवर अतोनात दाब येऊं नये म्हणून दाब कमी करणाऱ्या झडपा बसवितात. १०० मीटर उंचीच्या नळाच्या तळाशीं केवळ पाण्याच्या भारानेंच १० किलो दाब असतो, हें लक्षांत घेतां या झडपा आवश्यकच आहेत. पण त्या इमारतींतील झडपा चुकीच्या मापाला बसविलेल्या होत्या. बंबवाल्यांनीं नळी जोडली, तेव्हां हातांतील नळीच्या तोंडांतून लढण्याजोगी धार येईना. हौद होता, नळ होते, माणसें होतीं. एका झडपेच्या मापानें सारें व्यर्थ केलें. आग मजल्यामागून मजला चढत गेली. बंबाच्या दलांतील तिघे जवान धुरांत वाट चुकले, त्यांच्याजवळची हवा संपली, आणि ते तेथेंच मृत्यु पावले. अखेर इमारत ढासळेल या भीतीनें सर्व माणसें बाहेर काढण्यांत आलीं. आठ मजले जळाले, आणि सुमारें १९ तास ही आग चालली होती.

मग ती थांबली कोठें? ३० व्या मजल्यावर. त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते. आग खालून वर येतांच तेथील दहा तोट्या एकामागून एक उघडल्या आणि त्यांनीं तिला तेथेंच अडविलें. या दहा तोट्यांना पाणी कोणीं पुरविलें? खालीं रस्त्यावर उभ्या असलेल्या बंबांनीं. इमारतीच्या बाहेर जमिनीलगत जीं जोडणीचीं तोंडें असतात, त्यांतून ते नळांत पाणी रेटीत होते. शेंकडों माणसांच्या प्रयत्नांना जें साधलें नाहीं, तें दहा तोट्यांनीं साधलें. पण त्यांच्या पाठीशीं पाणी होतें म्हणूनच. ती इमारत पुन्हां वापरांत आली नाहीं. १९९९ सालीं ती पाडून टाकण्यांत आली.

या घटनेतून आपण काय घ्यावें? पहिली गोष्ट अशी कीं, ही सारी व्यवस्था म्हणजे एक सांखळी आहे, आणि सांखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढेंच. दुसरी अशी कीं, ती कडी बहुधा यंत्राची नसते, माणसाच्या हलगर्जीपणाची असते. अमेरिकेंत ज्या आगींमध्यें स्प्रिंकलर निकामी ठरले त्यांचीं कारणें तपासलीं, तेव्हां सर्वांत मोठें कारण असें निघालें कीं, व्यवस्था आधींच बंद करून ठेविलेली होती. कोठें नळ गळत होता म्हणून झडप फिरविली, कोठें रंगकामासाठीं पाणी तोडलें, आणि काम झाल्यावर तें पुन्हां सुरू करण्याचें कोणाच्या ध्यानांतच राहिलें नाहीं. तोटी छताला होती, दिसत होती, सर्वांना धीर देत होती. मात्र ती कोरडी होती.

श्रोतेहो, आपल्या देशांत १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळतात. १९४४ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या आगबोटीवर भयंकर स्फोट झाला, आणि आग विझविण्यास गेलेले बंबाच्या दलांतील ६६ जवान प्राणांस मुकले. त्यांची आठवण ठेवावयाची, तर पुष्पचक्रांबरोबर आणखीहि कांहीं आपल्या हातीं आहे. जे जवान उद्यां आपल्या जिन्यानें वर चढतील, त्यांच्या हातांतील नळीला पाणी मिळेल कीं नाहीं, हें आज आपण ठरवीत असतों.

त्यासाठीं अभियंता असण्याची गरज नाहीं. आपल्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत वर्गणी आणि पार्किंग यांवर आपण तासन् तास बोलतों. एकदां थोडा वेळ पंपघरासाठीं काढावा. आगीचा हौद भरलेला आहे काय, तें झांकण उघडून पाहावें. मुख्य झडपा उघड्या आहेत आणि त्या कोणी सहज फिरवूं नये म्हणून सांखळीकुलपानें बांधल्या आहेत काय, तें पाहावें. दाबाचा कांटा शून्यावर तर नाहीं ना, पंपाची कळ ‘आपोआप’ या खुणेवर आहे ना, कीं आवाजाचा त्रास नको म्हणून कोणी ती बंद करून ठेविली आहे, हें विचारावें. डिझेल इंजिन शेवटीं केव्हां चालविलें, याची नोंदवही मागावी. नोंदवही नसेल तर तेंच उत्तर समजावें. सर्वांत लांबच्या आणि सर्वांत उंचावरच्या टोंकाशीं चांचणीची एक तोटी असते, ती उघडावयास लावावी. पाणी तेथें जोरानें आलें आणि खालीं पंप आपण होऊन जागा झाला, तर निर्धास्त असावें. आणि फाटकापाशीं बंबाच्या जोडणीचीं तीं लाल तोंडें आहेत, त्यांच्यापुढें कोणाचीहि मोटार उभी नसावी, मग ती आपली स्वतःची कां असेना.

आग केव्हां लागेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. परंतु ती लागली असतां पाणी येईल कीं नाहीं, हें मात्र कोणत्याहि रविवारीं सकाळीं अर्ध्या तासांत पाहून घेतां येतें.